संगणक अडला तर

वाचकहो, काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले की शीतला घाटाला लागूनच अहिल्याबाई घाट येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी तो बांधविला. येथून उत्तरेस दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. घाटामागच्या अरुंद गल्ल्या, जाड दगडी भिंती, पावसाळ्यात पायऱ्या गिळीत वर चढणारी गंगा, पूर ओसरल्यावर उरणारा गाळ आणि गच्चीगच्चीवर हिंडणारी वानरे, हे सारे यात्रेकरूस रम्य वाटेल. पण अशा घरात ठेवलेल्या संगणकास ते तितकेसे मानवत नाही. ओल, धूळ, विजेचा चढउतार आणि तुटणारी तार, असे त्याचे बहुतेक शत्रू येथे एकाच ठिकाणी भेटतात. म्हणून या सदरात आज हेच घर डोळ्यांसमोर ठेवू. येथे जे उपाय चालतात ते कोकणातल्या कौलारू घरात किंवा नागपूरच्या चाळीतही चालतील.

संगणक अडला म्हणजे आपण प्रथम घाबरतो. पडद्यावर इंग्रजीत काही वाक्ये उमटतात, ती आपल्यावर रागावून लिहिली आहेत असे वाटते, आणि न वाचताच आपण कळा दाबू लागतो. वस्तुतः ती यंत्राने दिलेली तक्रार असते, आणि बहुधा खरी असते. ती वाचावी, समजली नाही तर मोबाइलने तिचे छायाचित्र घ्यावे. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी व तीत तारीख, पडद्यावरचे शब्द, आदल्या दिवशी नवीन काय जोडले किंवा बसविले, आणि आपण काय केले, एवढे टिपून ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा आरंभापासून शोध करावा लागतो.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर आधी भिंतीकडे पाहावे. त्याच खाचेत दुसरा दिवा लावून पाहावा. मग संगणकाची तार दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, हे पाहावे. दुरुस्तीवाल्यास बोलावण्याचा निम्मा खर्च या दोन मिनिटांत वाचतो. पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा घरातील अर्थिंगचा असतो. असे यंत्र वापरूच नये. आधी वायरमनला बोलवावे. ओलसर घरात ही गोष्ट जिवावर बेतू शकते. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची मानली जाते, पण ती सदैव तितकीच असते असे नाही. म्हणून मेजावरच्या संगणकास यूपीएस हवाच. मात्र त्यातील बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते, हे आपण विसरतो आणि वीज जाताच संगणक बंद पडला की बोल संगणकास लावतो.

संगणक सुरू होतो, परंतु चालू करण्याचे साधनच सापडत नाही असे म्हणून काळ्या पडद्यावर थबकतो, तेव्हा खाचेत पेनड्राइव्ह राहिला आहे का ते पाहावे. तो काढून यंत्र पुन्हा चालू करावे. अर्धा तास नीट चालून संगणक आपोआप बंद होत असेल, तर बहुधा आतला पंखा धुळीने गुदमरलेला असतो व यंत्र उष्णतेपासून स्वतःचा बचाव करीत असते. वीज पूर्णपणे काढून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. ओल्या फडक्याने कदापि पुसू नये. प्रिंटरमध्ये कागद अडकण्याचे कारणही पुष्कळदा ओलच असते. कागद हवेतील दमटपणा शोषतो, म्हणून उरलेले ताव पाकिटात बंद ठेवावे.

आता एक दोष असा, की जो ओळखला तर हसू येते आणि न ओळखला तर घाम फुटतो. बँकेचे, रेल्वेचे, वर्तमानपत्राचे, कोणतेही पान उघडा, ‘हा संपर्क सुरक्षित नाही’ अशी सूचना येते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेलेली आढळेल. प्रत्येक सुरक्षित पानास ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते; संगणकाच्या घड्याळात वर्षच चुकीचे असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अद्याप जन्मासही आलेले नसते. तारीख सुधारावी. दर खेपेस वीज काढली की ती पुन्हा मागे जात असेल, तर मेजावरच्या संगणकातील रुपयाच्या आकाराची बॅटरी संपली असे समजावे. पुष्कळ यंत्रांत ती सीआर २०३२ या नावाची, तीन व्होल्टची असते व थोड्या पैशांत मिळते. परंतु तारीख बरोबर असताना बँकेच्या पानावर ही सूचना आली, तर पुढे जाऊ नये, मागे फिरावे.

इंटरनेट बंद पडले, तर दोष घरातला की घराबाहेरचा हे आधी ठरवावे. त्याच वायफायवर मोबाइल चालत असेल, तर दोष संगणकात. दोन्ही बंद असतील, तर मोडेमच्या दिव्यांकडे पाहावे. फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळ तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच तारेतून पोचत नाही असा त्याचा अर्थ. तार कोठे मुडपली नाही ना एवढे पाहून कंपनीकडे तक्रार नोंदवावी. घरात बसून कळा दाबल्याने काही साधत नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत दशाश्वमेध घाटावर सार्वजनिक वायफाय सुरू झाले, आणि दोनच महिन्यांत वानरे फायबरच्या तारा कुरतडतात अशी वार्ता जगभर छापून आली! काशीतील दुरुस्तीवाल्याचा हा प्रतिस्पर्धी कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मोडेम चालू असून आतल्या खोलीत वायफाय पोचत नसेल, तर दोष दगडी भिंतीचा असतो. मोडेमवर दोन नावे दिसत असल्यास ‘५जी’ असे न लिहिलेले नाव निवडावे. त्या लहरी भिंत अधिक चांगली भेदतात.

पुण्याहून किंवा इंदूरहून नातलगांनी पाठविलेले जुने मराठी पत्र उघडावे, तो मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटमध्ये मराठी लिहिले जाई व प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. तो फाँट आपल्या यंत्रात नसेल तर मजकूर असा दिसतो. पाठविणाऱ्याकडून फाँटचे नाव विचारून घ्यावे, किंवा पीडीएफ मागवावी. फाइल पुसू मात्र नये.

निळ्या पडद्याची कीर्ती मोठी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे याच पडद्यावर थबकली आणि विमानतळांवर रांगा लागल्या. ती आज्ञावली संस्थांसाठी होती, म्हणून घरगुती यंत्रे बहुधा वाचली. घरी हा पडदा एकदा आला, तर यंत्र पुन्हा चालू करावे व विसरावे. वारंवार आला, तर वही उघडावी: नवीन प्रिंटर? नवीन आज्ञावली? ती काढून पाहावी. तरीही येत राहिल्यास आतील स्मरणपट्टी किंवा डिस्क थकली असण्याचा संभव असतो. तेव्हा कोणताही प्रयोग करण्यापूर्वी कागदपत्रे, छायाचित्रे आणि वंशावळीच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्या, व त्या उघडतात ना हे दुसऱ्या यंत्रावर पाहावे. दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट करतो’ असे म्हणाला, तर त्याने डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल, हे ध्यानी धरूनच होकार द्यावा. यंत्र पुन्हा मिळते. आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण पुन्हा मिळत नाही.

या सर्वांपेक्षा घातक दोष यंत्रात नसतोच. एखादे पान वाचीत असता अकस्मात भोंगा वाजू लागतो, पडदा भरून धोक्याची सूचना येते आणि खाली दूरध्वनी क्रमांक असतो. वाचकहो, हे शुद्ध सोंग आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. क्रमांक फिरविला की पलीकडचा मधुर वाणीने बोलतो, एक आज्ञावली उतरवून घेण्यास सांगतो आणि आपला संगणक स्वतःच्या हाती घेतो. मग बँकेचे पान उघडण्यास वेळ लागत नाही. आल्ट व एफ ४ या कळा एकत्र दाबून खिडकी बंद करावी. न झाल्यास वीजकळ दहा सेकंद दाबून यंत्रच बंद करावे. कोणी यंत्र हाती घेतलेच असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे आणि विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी. पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते अडविण्याची आशा पहिल्या काही तासांतच अधिक असते. लाजेने गप्प बसू नये. घरातील वृद्धांना हे आजच सांगून ठेवावे, कारण असा भोंगा बहुधा ते एकटे असतानाच वाजतो.

राहिला पावसाळा. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पाणी चढू लागल्याचे कळताच यंत्र, यूपीएस व तारांचे फलक जमिनीवरून उचलून वरच्या मजल्यावर न्यावे, आणि प्रतींची डिस्क गावाबाहेरच्या नातलगांकडे असू द्यावी. यंत्र भिजलेच, तर ‘चालते का पाहू’ म्हणून वीज लावू नये. ओल असताना दिलेली वीजच आतील पट्ट्या जाळते. भिजलेली डिस्क तशीच जाणकाराकडे द्यावी, उन्हात वाळवू नये.