शिक्का साक्षीचा, सत्याचा नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार ह्या भागांतील तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाण्यास निघाला की घरात पहिली चिंता उभी राहते ती कागदांची. जन्माचा दाखला, पदवीपत्र, विवाहाचा दाखला हे सारे तिकडे ग्राह्य ठरावे म्हणून त्यांवर शिक्क्यामागून शिक्के घ्यावे लागतात. हे शिक्के कशाची ग्वाही देतात, याविषयी मात्र आपल्या समाजात विलक्षण अज्ञान आहे; आणि त्या अज्ञानावरच दलालांची चूल पेटते.

1952 च्या कायद्यान्वये नेमलेला नोटरी हा साक्षीदार होय. समोर बसून सही करणारा मनुष्य तोच आहे, अथवा समोरची नक्कल मूळ कागदाबरहुकूम आहे, एवढेच तो सांगतो. राज्य शासनाचा नेमलेला अधिकारी त्या सही-शिक्क्याची खातरजमा करतो आणि अखेरीस केंद्राचे परराष्ट्र मंत्रालय त्या अधिकाऱ्याच्या सहीची. 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार भारतापुरता 14 जुलै 2005 पासून अमलात आला. त्या करारातील राष्ट्रांसाठी मंत्रालय ‘अपॉस्टिल’ नावाचे 10 कलमी प्रमाणपत्र जोडते. त्याचे शासकीय शुल्क दर कागदास अवघे 50 रुपये. नेमलेल्या संस्थेचा सेवाआकार तेवढा वेगळा. संयुक्त अरब अमिराती वा कुवेत यांसारखी जी राष्ट्रे ह्या करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो.

ह्या साखळीतील प्रत्येक कडी फक्त आधीच्या कडीची ग्वाही देते. मजकूर खरा आहे, असे त्यांतील कोणीच म्हणत नाही. मुळातील चूक नवी दिल्लीपर्यंत जशीच्या तशी जाते व परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर उघडी पडते. तोवर प्रवेशाची मुदत टळलेली असते, नोकरी दुसऱ्याला गेलेली असते. म्हणूनच ‘साहेब ओळखीचे आहेत, सही न पाहताच शिक्का देतील’ ह्या आश्वासनावर विसंबणाऱ्याने आपला पाया स्वतःच्या हाताने पोखरला असे समजावे. न पाहिलेल्या सहीची साक्ष ही साक्षच नव्हे.

सीमाभागातील माणसाची अडचण तर दुहेरी आहे. 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळच्या कित्येक शाळांच्या नोंदी मराठीत आहेत, काही घरगुती कागद मोडीत आहेत, आणि नंतरचे शासकीय दाखले कन्नडात. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन रूपांनी येते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत मराठी वळणाने लिहिले तर ‘डी’ ह्या अक्षराने आरंभते, कन्नड वळणाने लिहिले तर ‘जे’ने. बेळगावच्या माणसाला ही दोन्ही नावे एकच. परक्या देशातील कारकुनाला ती दोन माणसे वाटली तर त्याला दोष कसा द्यावा? गोमंतकातील जुन्या पोर्तुगीज नोंदींत ‘श’ हा ‘एक्स’ ह्या अक्षराने लिहिला जाई. पोर्तुगालमध्ये आजोबांच्या जन्माची नोंद करू पाहणाऱ्या नातवाला हाच घोर लागतो.

अशा वेळी एक प्रतिज्ञापत्र करून मोकळे होण्याची आपली रीत आहे. प्रतिज्ञापत्र म्हणजे आपणच आपल्याविषयी केलेले विधान; परदेशी कार्यालयाने ते मानलेच पाहिजे असे बंधन नाही. खरा उपाय मुळाशी आहे. जन्मनोंदीतील चूक 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार निबंधकाकडून दुरुस्त करून घेता येते. हे काम मूल शाळेत जाण्यापूर्वी उरकावे. विमानाचे तिकीट हाती आल्यावर नव्हे.

परंतु सारा भार नागरिकाच्याच शिरावर टाकणे न्यायाचे नाही. कागदाचे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करणे व त्याची खातरजमा करणे हेही नोटरी कायद्याने नोटरीच्या कामांत स्पष्ट घातलेले आहे. मग मराठी दाखल्याचे इंग्रजी रूपांतर करून घेण्यासाठी खानापूरच्या वा निपाणीच्या माणसाने मोठ्या शहराची वाट का धरावी? मराठी, कन्नड व इंग्रजी ह्या तिन्ही भाषा जाणणारे नोटरी सीमाभागातील प्रत्येक तालुक्याच्या गावी नेमले जावेत, अशी आमची राज्य शासनाकडे मागणी आहे. तीत कोणाच्या भाषेचा द्वेष नाही.

आणि आपल्या वकीलबंधूंनाही एक सांगणे आहे. आपल्यांतील अनेकांना ह्या तिन्ही भाषा अवगत आहेत. त्यांनी ह्या पदासाठी अर्ज करावेत, भाषांतराचे काम क्षुद्र मानू नये आणि शुल्काचा फलक दाराशी लावावा. अडलेल्याला नाडणे हा धंदा झाला. अडलेल्याचा कागद चोख करून देणे ही सेवा होय. मराठी मातीतला तरुण परदेशी पाऊल टाकील तेव्हा त्याच्या हातातला कागद त्याच्याविषयी एकच, आणि खरी, गोष्ट सांगणारा असला पाहिजे.