आवाज शून्यावर, यंत्र चालू

माझा एक पुतण्या इंदूरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करतो. गेल्या दिवाळीत त्याने नवा ध्वनिवर्धक घेतला. नवा म्हणजे यंत्र नवे. रीत मात्र आमच्या वडिलांच्या काळातली. वर काचेचे चार व्हॉल्व्ह उघडे उभे आणि त्यांच्या पोटात केशरी उजेड. ट्रान्झिस्टर आल्यावर जी वस्तू आम्ही मोडीत घातली, तिच्यासाठी आता मुले महिन्याचा पगार मोजतात, याचे मला हसू आले. पण त्याने कुमार गंधर्वांचे एक ध्वनिमुद्रण लावले आणि हसू विरले. आवाजात गोडवा होता, हे कबूल केलेच पाहिजे.

थोड्या वेळाने आम्ही सारे फराळाला निघालो. त्याने आवाजाची कळ शून्यावर आणली, दार ओढून घेतले आणि कुलूप लावले. खिडकीतून पाहतो तो आत व्हॉल्व्ह तेवतच होते.

"अरे, यंत्र बंद नाही केलेस?"

"काका, आवाज बंद आहे ना! आणि सारखे बंद-चालू केले की व्हॉल्व्ह लवकर जातात."

वाचकहो, या उत्तराच्या दुसऱ्या भागात थोडे तथ्य आहे. थंड तंतूतून एकदम प्रवाह गेला की त्याच्यावर ताण येतो खरा. दहा-पंधरा मिनिटांसाठी उठताना खटका दाबू नये, इतपत मी मान्य करतो. पहिला भाग मात्र साफ चुकीचा आहे. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक गप्प असतो तेव्हा तो विसावलेला नसतो. त्याच्या यंत्रात 'ईएल ८४' जातीचे चार व्हॉल्व्ह आहेत. अशा एका व्हॉल्व्हचा तंतू तापविण्यासच सुमारे ५ वॉट लागतात, आणि धातूच्या पट्टिकेवर १० ते १२ वॉट उष्णता सतत पडत असते. चौघांचे मिळून ६० वॉट झाले. पूर्वीचा पिवळा साठचा दिवा हाताने धरून पाहिला असेल त्याला हे निराळे सांगायला नको. 'क्लास ए' म्हणतात त्या रचनेत तर गाणे चालू असताना थोडी शक्ती ध्वनिक्षेपकाकडे जाते. शांततेत तीही पट्टिकेवरच जिरते. म्हणजे यंत्र गप्प असताना पट्टिका उलट अधिक तापते.

हे मी कोठल्या पुस्तकातून शिकलो नाही. १९९६ सालच्या १४ ऑगस्टची गोष्ट. मी तेव्हा एका शाळेत नवा शिक्षक होतो. शाळेचा सभांचा ध्वनिवर्धक जुना, व्हॉल्व्हचा. दुसऱ्या दिवशीच्या ध्वजवंदनासाठी तो लावून पाहण्याचे काम माझ्याकडे होते. संध्याकाळी "हॅलो, हॅलो" चालले असतानाच वीज गेली. बाहेर पाऊस, आत काळोख. घटकाभर वाट पाहिली आणि मी घरी निघालो. पावसाळ्याची ओल लागू नये, धूळ बसू नये म्हणून अंधारात चाचपडत टेबलावरचे जाड कापड यंत्रावर पांघरले. एवढी काळजी घेतली, आणि खटका मात्र तसाच राहिला! दिवा विझलेला असला की यंत्र बंदच आहे असे डोळ्यांना वाटते.

वीज आली ती रात्री केव्हातरी. आमचे शिपाईमामा व्हरांड्यात झोपत असत. त्यांना वासाने जाग आली. त्यांनी यंत्राला हात न लावता आधी भिंतीवरचा मेन स्विच पाडला आणि मग कापड ओढून काढले. पहाटे मी पाहिले तेव्हा कापडाला ताटाएवढे काळे भोक पडले होते, ट्रान्सफॉर्मरमधून डांबरासारखे मेण गळून टेबलावर थिजले होते, आणि एका व्हॉल्व्हची काच मऊ पडून आत ओढली गेली होती. टेबलाच्या खालच्या फळीवर हजेरीपटांचे गठ्ठे होते.

"सर, नाक जागं होतं म्हणून निभावलं," एवढेच मामा बोलले. मुख्याध्यापकही मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते. भाषणे त्या दिवशी घसा ताणून झाली.

दुरुस्ती करणाऱ्या वृद्ध कारागिराने मला जे समजावले ते असे. व्हॉल्व्हच्या जाळीवर किंचित ऋण दाब असतो. पट्टिकेकडे धावणाऱ्या प्रवाहाला तोच लगाम. आधीच्या टप्प्याकडून आवाज आणणारा कंडेन्सर जुना होऊन झिरपू लागला की तिकडचा धन दाब जाळीवर येतो, लगाम सुटतो, प्रवाह दुप्पट-तिप्पट होतो आणि पट्टिका लालबुंद होते. त्यात रात्री गावाचा भार उतरून विजेचा दाब चढलेला, वर माझे कापड. जवळ माणूस असता तर त्याला ती लाली दिसली असती, घरघर ऐकू आली असती; मिनिटभरात त्याने खटका पाडला असता.

"पण फ्यूज होता ना?" मी विचारले होते. पुतण्यानेही दिवाळीत हेच विचारले. त्याला मी कागदावर हिशेब करून दाखविला. यंत्र एरवी १०० वॉट घेत असेल तर २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह होतो. एक व्हॉल्व्ह बेफाम होऊन तेच १६० वॉट झाले तरी पाऊण अँपिअर गाठला जात नाही. एक अँपिअरच्या फ्यूजच्या लेखी काहीच घडलेले नसते. भिंतीवरचा सहा अँपिअरचा एमसीबी तर तेराशे वॉटपर्यंत निवांत असतो. काही नव्या यंत्रांत प्रत्येक व्हॉल्व्हला निराळे संरक्षण असते. त्याच्या यंत्रात ते नव्हते.

तो हुशार मुलगा आहे, पटले. यंत्र त्याने कपाटातून काढून मोकळ्या टेबलावर ठेवले. वर वीतभर हवा आणि मागे पडदा नाही. वहिनींनी हौसेने विणलेला क्रोशाचा रुमाल मात्र मला स्वतः उचलावा लागला, आणि त्याबद्दल त्या अजून थोड्या रुष्ट आहेत. वीज गेली की आधी खटका पाडायचा, हे आता त्या घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. मोबाइलवरून चालू-बंद होणारा प्लग त्याने आणला होता. बंद करण्यास तो चांगला. पण कचेरीतून निघतानाच घरचे यंत्र तापवून ठेवण्याचा त्याचा बेत मी मोडून काढला.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबांचा रेडिओ असेल. तो काढून, पुसून एकदम भिंतीच्या प्लगमध्ये लावू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंडेन्सर आतून वाळलेले असतात, आणि काही यंत्रांत बंद केल्यावरही त्यांच्यात तीनशे व्होल्ट शिल्लक राहतात. तेव्हा उघडून बोट घालण्याचे धाडस नकोच. जुना जाणता कारागीर रेडिओच्या वाटेत आधी साठ किंवा शंभर वॉटचा तंतूचा दिवा जोडतो. आत कोठे लघुमंडल असेल तर तो दिवा लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो; सारे ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. तो मंदावला तरी पहिला तासभर कारागीर तेथून हलत नाही.