खंदक आणि रणगाडा

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत दुर्गाभोंवतीं तीन खंदक खणावयास सांगितले असून त्यांची रुंदी चौदा, बारा व दहा दंड अशी ठरवून दिली आहे. एक खंदक पुरेसा असतां तीन कशास, अशी शंका जिज्ञासु वाचकांस येईल. परंतु खंदक शत्रूस ठार मारीत नसतो. तो त्याचा वेळ घेतो, आणि विलंबागणिक शत्रूचें बळ व साहित्य झिजत जातें. हत्ती-रथांच्या काळचें हें तत्त्व यंत्रयुगांत निरुपयोगी झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईवरून पाहूं.

इ. स. १९१७ सालीं तेथील हिंडेनबुर्ग रेषेवर जर्मनांनीं मुद्दाम इतके रुंद खंदक खणले होते कीं, इंग्रजांच्या रणगाड्यांस ते सहसा ओलांडतां येऊं नयेत. त्यावर इंग्रजांनीं साधीच युक्ति काढली. रणगाड्याच्या माथ्यावर फाट्यांची एक प्रचंड मोळी बांधावयाची, ती खंदकांत लोटावयाची, आणि तिजवरून पलीकडे जावयाचें. २० नोव्हेंबर रोजीं पहांटे ४७६ रणगाडे निघाले. त्यांपैकीं ३७८ प्रत्यक्ष लढणारे होते. काटेरी तारांचीं जाळीं चिरडलीं गेलीं आणि सायंकाळपर्यंत कांहीं ठिकाणीं सुमारें पांच मैलांची मजल झाली. तीन दिवसांनीं लंडन शहरांत विजयाच्या घंटा वाजल्या.

आतां त्याच सायंकाळचा हिशेब पाहा. एका दिवसांत १७९ रणगाडे निकामी झाले होते. त्यांपैकीं शत्रूच्या माऱ्यानें पडलेले अवघे ६५. ७१ यंत्र बिघडून उभे राहिले, आणि ४३ खंदकांत वा खड्ड्यांत रुतून बसले. म्हणजे ११४ रणगाड्यांच्या बाबतींत शत्रूला कांहींच करावें लागलें नाहीं. जमिनीनें व श्रमानेंच त्यांचा निकाल लावला. त्यांच्या जागीं आणावयास पुरेसे राखीव रणगाडे नव्हते.

३० नोव्हेंबरला जर्मनांनीं उलट हल्ला चढविला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर जिंकलेली बहुतेक भूमि परत गेली. भूमीबरोबर तिजवर मोडून पडलेले रणगाडेही गेले. जर्मनांनीं ते बेल्जममधील शार्लरॉय येथील कारखान्यांत नेऊन दुरुस्त केले, आणि १९१८ सालीं स्वतःचें चिन्ह रंगवून इंग्रजांवरच घातले! यंत्र मोडणें निराळें आणि यंत्र गमावणें निराळें. मोडलेलें यंत्र कोणाचें, हें रणभूमि शेवटीं ज्याच्या हातीं राहते त्याच्यावर अवलंबून असतें.

शंभरावर वर्षांनीं हाच पाठ पुन्हां गिरवला गेला. जून २०२३ मध्यें युक्रेनच्या सैन्यानें झापोरिझ्झिया प्रांतांत ओरिखिव्हच्या दक्षिणेस चढाई केली. रशियनांनीं तेथें कित्येक महिने अगोदर सुरुंग पेरून, खंदक खणून व काँक्रीटचे सुळके मांडून एकामागें एक अशा संरक्षक फळ्या रचल्या होत्या. जर्मनीचे लेपर्ड रणगाडे आणि अमेरिकेच्या ब्रॅडली गाड्या सुरुंगांत अडकल्या. ऑगस्टअखेर रोबोतिने नांवाचें एक खेडें हातीं आलें; तोकमाक शहर मात्र दूरच राहिलें. मागें ओढून आणतां आल्या तेवढ्या गाड्या दुरुस्त होऊन पुन्हां उभ्या राहिल्या.

म्हणून वृत्तपत्रांत जळक्या रणगाड्याचें चित्र दिसलें कीं हर्ष वा खेद करण्यापूर्वीं घरांतील तरुणांनीं तीन प्रश्न विचारावेत. सायंकाळीं ती भूमि कोणाकडे होती? मागें कारखाना व राखीव साहित्य किती होतें? आणि आंत बसलेल्या माणसांचें काय झालें? हा तिसरा प्रश्न बातमीदार बहुधा विसरतात. कांब्रेच्या एकेका रणगाड्यांत आठ जण असत. त्या लढाईंत दोन्ही पक्षांचीं मिळून नव्वद हजारांच्या आसपास माणसें मेलीं, जखमी झालीं वा बंदींत पडलीं. रणगाडे शार्लरॉयला दुरुस्त झाले. गेलेल्या माणसांसाठीं तसा कारखाना कोणत्याच पक्षापाशीं नव्हता.