मेंदूसाठी डबा नको, आधी तपासणी

आजोबा एकच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारू लागले की घर 'वय झालं' म्हणून सोडून देते, नाहीतर स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरीचा डबा आणते. दोन्ही मार्गांनी तपासणी लांबते.

देशात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून 'मेंदूसाठी आहार' हा विषय अधिकच गाजतो आहे. पुरावा मात्र सावध आहे. पालेभाज्या, कडधान्ये, सुकामेवा, बेरी आणि ऑलिव्ह तेलावर भर देणाऱ्या 'माइंड' आहाराची अमेरिकेत ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षे चाचणी झाली. नेहमीचाच आहार थोडा कमी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत या गटाची बुद्धिक्षमता लक्षणीय सरस ठरली नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'यूएस पॉइंटर' चाचणीत २,१११ जणांच्या आहाराला व्यायाम, बौद्धिक सराव, लोकांत मिसळणे आणि रक्तदाब-साखरेवरील लक्ष यांची जोड होती. दोन्ही गट सुधारले. नियमित मार्गदर्शन मिळालेला गट थोडा अधिक.

म्हणजे कोणताही एक पदार्थ मेंदूचे औषध नाही. उणीव मात्र मेंदूला भोवते, आणि आपल्याकडे ती बहुधा बी-१२ जीवनसत्त्वाची असते. पुण्यातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मधील अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, भाजी-भाकरीतून नाही. वयानुसार जठरातील आम्ल घटले की ते कमी शोषले जाते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीच्या रोजच्या गोळ्या यांचाही तोच परिणाम होतो.

पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही या उणिवेची लक्षणे असू शकतात. रक्ताच्या चाचणीतून ती कळते, गोळ्या-इंजेक्शनांनी भरूनही निघते. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. उणीव नसलेल्यांची स्मरणशक्ती मात्र या गोळ्यांनी वाढत नाही.

म्हणूनच ज्येष्ठांच्या तपासणी शिबिरांत रक्तदाब-साखरेबरोबर बी-१२ चाही विचार व्हायला हवा. घरापुरते सांगायचे तर रात्री चहा-बिस्किटावर भागवणाऱ्या आजीच्या ताटात वरण, पालेभाजी, वाटीभर दही आणि चालत असेल तर अंडे असावे. आणि जेवताना शेजारी कुणीतरी बसलेले असावे.