काकूंचा फोन आणि आमची यादी

गेल्या दिवाळींत आमचा नातू पुण्याहून असोद्यास आला, तो गांवच्या वाचनालयाचें संकेतस्थळ तयार करूनच. ग्रंथांची सबंध यादी घरबसल्या पाहतां यावी, हा त्याचा हेतु. लॅपटॉपवर तें त्यानें उघडून दाखविलें, तेव्हां लहानथोर सारी मंडळी माजघरांतून उठून आली. वर सरकणारीं चित्रें, खालीं जुन्या नोंदवहीच्या पानांचे फोटो, बोट लावतांच पान उलटावें अशी योजना. आम्हांसही धन्यता वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरे दिवशीं शेजारच्या काकू आपला जिओफोन घेऊन आल्या. २०१७ सालीं निघालेला हा बटणांचा फोन. पडदा अवघा २.४ इंचांचा. त्यावर बराच वेळ वाट पाहिल्यावर जें उमटलें, तें कोरें पांढरें पान. नातू सहज बोलून गेला, “काकूंनीं आतां नवा फोन घ्यावा.” हें बोलणें आम्हांस मुळींच रुचलें नाहीं. काकू वाचनालयाच्या तीस वर्षांच्या वर्गणीदार. यादी पाहावयाची म्हणून त्यांनीं हजारों रुपये खर्चावे, हा न्याय कोणत्या स्मृतींतला?

सायंकाळीं आमचे एक जुने विद्यार्थी आले. त्यांची दृष्टि ऐन चाळिशींत गेली. त्यांचा संगणक एनव्हीडीए नांवाच्या विनामूल्य आज्ञावलीच्या साह्यानें पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो. आमच्या यादीशीं येतांच, येथें चित्र आहे, येथेंही चित्र आहे, एवढेंच तो सांगत राहिला. “गुरुजी, कपाटांना कुलुपें लागलेलीं दिसतात,” असें म्हणून ते हंसले. तें हंसणें आम्हांस रात्रभर झोंबत राहिलें.

मग नातवास जवळ बसवून आम्हीं या प्रकाराचें मूळ विचारलें. त्याच्या सांगण्याचें सार असें. पृष्ठाचा मजकूर एचटीएमएल नांवाच्या खुणांनीं बांधलेला असतो, आणि ब्राउझरची रीत अशी कीं, अनोळखी खूण आली तर ती सोडून आंतील शब्द तरी वाचकापुढें ठेवावे. जावास्क्रिप्टचें तसें नाहीं. तींत एखादी अपरिचित वाक्यरचना भेटली कीं ब्राउझर ती संपूर्ण संहिताच नाकारतो. एक धातु अडला म्हणून सबंध पोथी मिटणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें! जिओफोनांतील कायओएस ही प्रणाली फायरफॉक्सच्या २०१६ मधील अंतरंगावर उभी आहे. तिला नंतरचें व्याकरण कळावें कसें? आणि नातवानें तर आमची सारी यादी याच नव्या व्याकरणाच्या हवालीं केलेली.

आम्हांस पाणिनीची आठवण झाली. सामान्य नियम तो उत्सर्ग. विशेष ठिकाणीं त्यास बाधणारा तो अपवाद. येथें उत्सर्गाचा पत्ता नसतां अपवादच रचला गेला होता. साधा मजकूर व एकच स्तंभ, हा उत्सर्ग ठेवावा. पडदा रुंद असेल तरच दोन स्तंभ करावे, हा अपवाद. अशी सोय सीएसएसमध्यें २०१२ पासून मान्य प्रमाण म्हणून आहेच. नातू थोडा वेळ गप्प बसला व म्हणाला, “आजोबा, हें आम्हांला कॉलेजांत दुसऱ्या शब्दांत शिकवलें होतें.” शिकवलें होतें, तर मग!

सुटी संपेपर्यंत मुलांनीं नोंदवही वाचावी व त्यानें टंकावी, असा क्रम चालला. ग्रंथ सुमारें १,२००. ग्रंथ व ग्रंथकार मिळून नोंदीस ४० चिन्हें धरलीं, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास युनिकोडच्या प्रचलित पद्धतीनें ३ बाइट लागतात असें मोजलें, तरी सर्व यादी दीड लाख बाइटांच्या आंत बसते. पूर्वींच्या एकेका फोटोचेंच वजन तीस लाख होतें! या युनिकोडचें ऋण मोठें. २००० सालाच्या सुमारास मराठी वृत्तपत्रांचीं संकेतस्थळें आपापल्या फाँटांवर चालत. तो फाँट जवळ नसला कीं रोमन अक्षरांचा काला दिसे. देवनागरीस युनिकोडांत १९९१ सालींच १२८ स्थानें मिळालीं होतीं, परंतु तीं घरोघर पोंचावयास बरींच वर्षें लागलीं.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. पाकशास्त्राच्या एका पुस्तकापुढें ‘आचाऱ्यांस उपयुक्त’ असा शेरा होता. मजकूर एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेतांना रकारामागचें एक अदृश्य चिन्ह गळालें, आणि तेथें ‘आचार्यांस उपयुक्त’ असें झालें. आमच्या घरच्या मंडळींस हा बदल फारच आवडला. नातवानें नुक्त्याचा ‘ऱ’ योजून तो दोष काढला. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची खूणही घातली, म्हणजे वाचणारा आवाज हिंदी वळणावर जात नाहीं. आमचे विद्यार्थी आतां कपाटामागून कपाट ऐकत बसतात.

काकूंच्या फोनवरही यादी उघडते. पहिल्याच दिवशीं त्यांनीं बटणें दाबून ‘बहिणाबाई’ हीं पांच अक्षरें घातलीं. १८८० सालीं याच गांवीं जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या माउलींचीं गाणीं १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं, छापून निघालीं. यादींत तें पुस्तक लगेच सांपडलें. पुढें ‘बाहेर दिलें आहे’ असा शेरा. कोणास दिलें, हें काकूंनीं ग्रंथपालास जाऊन विचारलें. तें पुस्तक गेले आठ महिने आमच्याच फडताळांत आहे.