कल्पिताचा दाखला

आमचे गाव नामपूर. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. कांदा आणि डाळिंब यांपलीकडे जगाने या गावाची दखल घ्यावी असे फारसे काही नाही. पण अलीकडे गावाच्या बोलण्यात एक नवा विषय शिरला आहे, तो परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या व्हिशाचा. पूर्वी ‘मिळाला का?’ एवढाच प्रश्न असे. मिळाला की पेढे वाटले जात आणि प्रश्न संपे. मिळणे ही केवळ सुरुवात असून खरे प्रकरण पुढे मुदत वाढवून घेण्याचे असते, हे ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांना आता कळून चुकले आहे.

नूतनीकरण हा शब्द आमच्या शेतकऱ्याला पुस्तकी वाटतो. त्याच्यापाशी याहून नेमका शब्द आहे: ‘नवं-जुनं’. विकास सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचे आणि लगेच नवे उचलायचे, या वार्षिक विधीला हे नाव आहे. कांदा चाळीत पडलेला असतो, भाव नसतो, म्हणून चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घेऊन खाते चुकते केल्याचे दाखवायचे. सोसायटीला ठाऊक असते, बँकेला ठाऊक असते. कागद मात्र निर्मळ राहतो.

आमच्या नात्यातील एक मुलगा जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेतो. त्याने परवानगीच्या मुदतवाढीसाठी वेळेत अर्ज केला, आणि पुढे महिनोन्महिने निर्णय नाही. वडिलांना त्याने फोनवर समजावले, ‘नाना, माझंही नवं-जुनंच चाललंय समजा.’ नानांना ते तत्काळ समजले. जे आम्हांला अर्धा तास बोलून सांगता आले नव्हते, ते त्या पोराने एका शब्दात सांगितले.

या मधल्या काळासाठी जर्मन कायद्यात एक दाखला आहे. त्याचे नाव ‘फिक्त्सिओन्स-बेशाइनिगुंग’, म्हणजे शब्दशः ‘कल्पिताचा दाखला’. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी चालू आहे असे कायदा कल्पून घेतो, आणि त्या कल्पनेचा सहीशिक्क्यानिशी कागद देतो. कथा-कादंबऱ्यांविषयी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे कौतुक वाटल्यावाचून राहात नाही. कल्पिताला इतका मान कोणत्याही साहित्य परिषदेने दिलेला नाही! इंग्लंडमध्येही वेळेत अर्ज करणाऱ्याची जुनी परवानगी निर्णयापर्यंत चालू राहते. कॅनडाही तसेच मानतो.

व्यवस्था दयाळू दिसते, आणि काही अंशी आहेही. पण ती बहुधा एका अटीवर दयाळू आहे: जागचे हलू नका. इंग्लंडमध्ये अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या दर्जावरून दुसऱ्या दर्जावर जाण्याचा अर्ज केला आणि निकालापूर्वी देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असे मानतात. जर्मनीत या दाखल्याचे प्रकार आहेत. एकावर बाहेर जाऊन परत येता येते, दुसऱ्यावर नाही. आपल्या हाती कोणता आहे हे कलमाच्या आकड्यावरून ओळखायचे. आता अशा काळात गावी आजी वारली तर नातवाने काय करावे? घरातले म्हणतात, दहाव्याला तरी ये. तो कलम सांगतो. भाऊबंदांत कुजबुज होते की पोरगा तिकडचा झाला. तो तिकडचाही झालेला नसतो, हीच तर अडचण आहे.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तेथे राहण्याचा हक्क वेगळा आणि पासपोर्टावरचा व्हिसा वेगळा. व्हिशाची मुदत उलटली तरी विद्यार्थी शिकत राहू शकतो, पण एकदा बाहेर पडला की परत शिरण्यासाठी बहुधा नवा शिक्का लागतो, आणि तो देशाबाहेरच्या वकिलातीतच मिळतो. पूर्वी काही जण जवळच्या तिसऱ्या देशात जाऊन हे काम उरकत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या वा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा असे फर्मावले, आणि मुलाखतीतून मिळणारी सूटही बहुतेकांची काढून घेतली. त्यामुळे बहिणीच्या लग्नाला यायचे तर मुंबईची तारीख आधी, मग मुहूर्त.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आठवते. त्यांच्या काळी आजचा विद्यार्थी-व्हिसा नव्हता, पण मुदत होतीच. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मात्र लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना दिली होती. मध्यंतरी बडोद्यातील अपमान, मुंबईत सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, पैशांची जुळवाजुळव, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये डी.एस्‌सी. पदवी मिळाली. त्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय विद्यापीठाला द्यावे असे आम्ही म्हणत नाही. पण परत जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दार चार वर्षे उघडे ठेवता येते, आणि तसे ठेवल्याने त्या देशाचे काही बिघडत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

आमचे म्हणणे मर्यादित आहे. कोणाला किती काळ राहू द्यावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. शिक्षणाच्या नावाखाली नोकरीच शोधणारेही असतात. ते आमच्या तालुक्यातही आहेत, लपवण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने वेळेत अर्ज केला, शुल्क भरले, त्याला घरचे मरण वा दुखणे यासाठी एकदा जाऊन परत येण्याची मुभा असावी. दिरंगाई कचेरीची आणि स्थानबद्धता विद्यार्थ्याची, हा न्याय नव्हे.

दुसरे असे की, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत. इंग्लंडने शिक्षणोत्तर कामाची दोन वर्षांची सवलत एप्रिल २०१२ मध्ये बंद केली. २०१० मध्ये तीन वर्षांच्या पदवीसाठी गेलेल्यांना ती सवलत धरून कर्जाचे गणित मांडता आले होते. पदवी हाती येईतो ती उरली नव्हती. २०२१ मध्ये ती नव्या नावाने परत आली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी, डॉक्टरेटवाले वगळता, ती अठरा महिन्यांवर येणार आहे. म्हणजे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी गेलेला पुन्हा त्याच जागी. सहा महिने ही लहान गोष्ट वाटेल. ज्याच्या बापाने शेत तारण ठेवले आहे त्याला ती लहान वाटत नाही.

तारणावरून आठवले. इंग्लंडसाठी ठरावीक रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. तेथे वर्षभर राहून झालेल्या विद्यार्थ्याला मुदतवाढीच्या वेळी यातून सूट आहे, हे शहाणपणाचे. जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ही रक्कम धरतात, आणि खर्चाची सोय मुदतवाढीच्या वेळीही सिद्ध करावी लागते. नानांनी ती कशी सिद्ध केली, हे आम्ही विचारले नाही. घरात भिंतीवरच्या कालनिर्णयात मात्र ३१ मार्चभोवती निळे वर्तुळ होते, आणि त्याच पानावर आणखी एका तारखेभोवती लाल. ती तारीख कसली, हे घरात सर्वांना पाठ होते.