हृदयरुग्णाची साखर पुरती मोजा

छातीत कळ आली की भंडारा जिल्ह्यातला रुग्ण नागपूरची वाट धरतो. तुमसरचा असो, पवनीचा असो की लाखांदूरचा, अँजिओग्राफी आणि स्टेंटसाठी बहुतेकांना तिकडेच जावे लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने त्या खर्चाचा भार हलका केला, ही मोठीच गोष्ट. पण नळी मोकळी करून धानाच्या बांधावर परतलेल्या या माणसाला मधुमेह आहे की नाही, याचा शोध पुरता घेतलेला असतोच असे नाही. ‘मला शुगर नाही’ असे तो सांगतो आणि तेच कागदावर उतरते.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान न झालेल्या १८१ हृदयविकार रुग्णांना ग्लुकोज पाजून तपासले. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की घरी सोडताना त्यांच्यातील ३१ टक्क्यांना मधुमेह होता आणि ३५ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे तिघांतल्या दोघांची साखर बिघडलेली. भारतात तर १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये मांडला. मग आपल्या हृदयरुग्णांत हा छुपा आजार कमी असेल, असे मानायला आधार काय?

हे निदान उपचाराची दिशाच बदलते. एकाहून अधिक रक्तवाहिन्या तुंबलेल्या मधुमेहींना स्टेंटपेक्षा बायपास अधिक तारते, हे २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत दिसले. हृदयालाही जपणारी मधुमेहाची औषधे आज हाताशी आहेत. शिवाय मधुमेहीला दुसरा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. घाम, दम, अशक्तपणा एवढीच लक्षणे असली तरी दवाखाना गाठायचा, हे घरच्यांना माहीत हवे.

मात्र तपासणी कोणती, हा प्रश्न पूर्व विदर्भात अधिक काळजीने सोडवावा लागेल. उपाशीपोटीच्या साखरेतून बरेच रुग्ण निसटतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी सोयीची खरी. पण हा सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर नष्ट होतात आणि हा आकडा फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर तो उलट वाढलेलाही दिसू शकतो. म्हणून इथे केवळ त्या एका आकड्यावर विसंबणे आम्हाला धोक्याचे वाटते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे, ही जुनी चाचणी स्वस्त आहे आणि तिला मोठे यंत्र लागत नाही. झटक्याच्या ताणानेही साखर तात्पुरती चढते, त्यामुळे प्रकृती स्थिरावल्यावर ती पुन्हा करावी लागते. नेमका तोवर रुग्ण गावी पोचलेला असतो.

म्हणूनच ही जबाबदारी एकट्या नागपूरवर टाकता येणार नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, आशाताई घरोघरी जातात. त्यांच्या यादीत झटका येऊन गेलेले आणि स्टेंट बसवलेले रुग्ण वेगळे नोंदवा. भंडाऱ्याच्या सामान्य रुग्णालयात आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातला एक सकाळचा वार या चाचणीसाठी ठरवा. सुट्टीच्या कागदावर साखरेचा आकडा, तारीख आणि पुढच्या तपासणीचा दिवस लिहिणे सक्तीचे करा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र बसून याचा आदेश धानकापणीच्या आधी काढावा. एकदा हंगाम लागला की शेतकरी रांगेत उभा राहायला येणार नाही.